याव्होरच्या बुरुजातली वही

१

शनिवारी सकाळी दोन डोंगरवेड्या पाहुण्यांना याव्होर किल्ल्याच्या उत्तरेच्या तटाखाली एक माणूस खडकाला टेकून बसलेला दिसला. त्यांनी हाक मारली. ओ आली नाही. जवळ गेल्यावर कळलं, तो बसलेला नव्हता. वरून पडला होता आणि पडल्याजागी गोठून गेला होता. टोपीवर, भुवयांवर, मिशीवर बोटभर हिमकण साचले होते.

तो वेंडेलिन होता. वीस वर्षं पडक्या किल्ल्याची राखण करणारा, दरवाजाची किल्ली गळ्यात घालून हिंडणारा सत्तरीचा म्हातारा. लेहोता गावात त्याला न ओळखणारं कुत्रंही नव्हतं.

दुपारी शिमोन ओतीलियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तिच्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा पोलिसात होता. आठवड्यातून तीन दिवस तो ग्रामकचेरीतल्या एका खोलीत बसे. ओतीलियानं चौतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं होतं. गावातलं कुठलंही अक्षर तिच्यासमोर धरा, ती नाव सांगे.

"मावशी, रडून झालं असेल तर एक काम आहे."

"रडायला उसंत कुठे दिलीस? बोल."

त्यानं फोन पुढे केला. बुरुजात पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या वहीच्या एका पानाचा तो फोटो होता. येणारेजाणारे त्या वहीत नावं लिहीत, आणि वेंडेलिन रोज एक ओळ लिही. पानावर शेवटची ओळ होती: 'शुक्रवार, नऊ वाजून दहा. दाट धुकं, दहा पावलांवरचं दिसत नाही. कडाक्याची थंडी. सगळं ठीक. वे.'

"अक्षर त्याचंच ना?"

ओतीलियानं चष्मा पुसला. तो बेढब 'द', शेवटी कोंबडीच्या पायासारखा फराटा. "त्याचंच."

"झालं तर मग. प्रेत इतकं गोठलंय की कधी मेला ते डॉक्टरलाही सांगता येईना. पण या ओळीवरून शुक्रवारी नऊपर्यंत जिवंत होता. आणि किल्ल्याच्या दरवाजाची किल्ली त्याच्याखेरीज तिघांकडेच आहे. तिघंही शुक्रवारी सकाळी सातपासून रात्रीपर्यंत जिल्ह्याच्या गावी किल्ल्याच्या देखभाल मंडळाच्या बैठकीला होती. दरवाजा किल्लीनं बंद केलेला होता. म्हातारा एकटाच होता. घसरला, पडला."

"तू तर आधीच ठरवून आलायस."

"साहेबांनी ठरवलंय. मी फक्त जिने चढतो."

तो गेला. ओतीलियानं चूल सारखी केली, भांडी घासली, कोरडीही केली. काहीतरी टोचत होतं. फोनच्या काचेवर ती ओळ निळी दिसली होती. चकचकीत निळी.

वेंडेलिन वर पेन्सिलीनं लिही. पेटीला सुतळीनं बांधलेल्या, बोटभर उरलेल्या पेन्सिलीनं. नेहमीच.

कपबशी तिच्या हातून सुटली आणि फुटली. सगळ्या जगात तिला भीती वाटे ती उंचीची. त्या किल्ल्याच्या बुरुजात ती चाळीस वर्षांत चढली नव्हती. आणि आता चढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

२

रविवारी चर्च सुटल्यावर दाराशी किल्लीवाले तिघेही भेटले. ब्लाझेय हा गवंडी, किल्ल्याच्या भिंती सावरणाऱ्या मंडळींचा मुकादम, दारात मावत नाही असा आडवातिडवा. तमारा ही शहरातून आलेली उत्खननवाली बाई, नखं कायम मातीनं भरलेली. आणि कोर्नेलिया, म्हणजे ओतीलियाची शाळेपासूनची मैत्रीण नेला. निवृत्त शिक्षिका, गावाची बखर लिहिणारी.

"वर जाऊन येते," ओतीलिया म्हणाली. "वेंडेलिनसाठी मेणबत्ती लावायची आहे."

"तू? शिडी बघून तुला घेरी येते," नेला म्हणाली. "मीही येते. थांब."

"तुला गुरुवारी ताप होता. घरी जा आणि पडून राहा."

"पोस्टमास्तरीणबाई, घसरू नका," ब्लाझेय गुरगुरला. "एका आठवड्यात दोन खड्डे म्हणजे कबरी खणणारा पळून जाईल."

तमारा हसली नाही. तिनं आपली किल्ली ओतीलियाच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाली, "लवकर खाली या. मला ती जागा आवडेनाशी झालीय."

तासाभराची चढण होती. खाली दरीत धुकं होतं, आणि ओतीलियाबरोबर तेही वर चढत होतं. दरवाजा उघडून ती आत आली तेव्हा पडक्या महालाच्या खिडक्यांतून धुकं आत शिरत होतं. बर्फावर जुनेनवे ठसे गिचमीड झाले होते. अंगणाच्या मधोमध जुनं पाण्याचं टाकं, त्यावर नवीन फळ्यांचं झाकण. पलीकडे बुरूज. त्याचा दरवाजा जमिनीपासून दोन पुरुष उंचावर. पूर्वी शत्रू आला की शिडी वर ओढून घ्यायचे. आता एकच लाकडी शिडी, बिनकठड्याची.

चौदा पायऱ्या. ओतीलियानं त्या मोजल्या, खाली न बघता, प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत. वर पोचल्यावर ती गुडघ्यांवर बसली आणि श्वास जागेवर येईपर्यंत दगड धरून राहिली.

पेटी उघडली. सुतळीला पेन्सिल होती. वहीत बुधवारपर्यंतच्या सगळ्या ओळी करड्या पेन्सिलीच्या. गुरुवारची ओळ नव्हती. शुक्रवारची निळ्या शाईची, गुळगुळीत, कुठेही न तुटलेली. तिनं ती ओळ टपालाच्या एका पाकिटावर वळणाखुणांसकट उतरवून घ्यायचं ठरवलं आणि पर्समधलं पेन काढलं. पेननं कागदावर नुसता ओरखडा उमटवला. तोंडाची वाफ दिली, घासलं, पुन्हा ओरखडा. थंडीनं शाई गोठली होती. शुक्रवारी तर याहून कडाका होता.

तिनं सुतळीची पेन्सिल घेतली आणि ओळ उतरवली. ही ओळ इथे लिहिलीच गेली नव्हती. कुणीतरी वही खाली नेली होती, उबेत बसून, शांतपणे लिहिलं होतं आणि वही परत आणून ठेवली होती.

त्याच वेळी बाहेर लाकूड दगडाला घासल्याचा आवाज आला. लांब, सावकाश.

ती दाराशी रांगत गेली. खाली धुकं होतं. शिडी नव्हती.

३

"कोण आहे?"

बर्फ करकरला. एक पाऊल, दुसरं, मग थांबलं. खाली कुणीतरी उभं होतं आणि वर बघत होतं. ओतीलियाला ते दिसत नव्हतं, पण अंगावर नजर पडल्यासारखी तिची पाठ आखडली.

"मी ओतीलिया आहे! शिडी पडली का?"

पुन्हा करकर. या वेळी दूर जाणारी, बेताची, घाई नसलेली. मग दरवाजाचा आवाज.

तिनं ओरडून पाहिलं. धुक्यात आवाज कापसात गाडल्यासारखा विरला. फोन काढला तर या दगडांच्या आड तो मुका. थंडी तळपायातून वर येऊ लागली. ती उभी राहिली, पाय आपटले, हात काखेत घातले. मनात एकच घोळत होतं. वेंडेलिनला ज्यानं ढकललं त्याला हात लावायचीही गरज उरली नव्हती. चार वाजता अंधार पडला असता आणि सकाळपर्यंत थंडीनं आपलं काम केलं असतं. लोक म्हणाले असते, म्हातारी चढली, उतरता आलं नाही.

दोन तास झाले असतील. ओठ हलेनात. तेवढ्यात खालून खाकरण्याचा आवाज आला आणि शिडीचं टोक दारात आदळलं.

"पोस्टमास्तरीणबाई! शिडी खंदकात टाकून वर काय करताय?"

ब्लाझेय. तो अवाढव्य माणूस शिडीच्या तळाशी उभा होता, हात पसरून. याच माणसानं महिन्याभरापूर्वी वेंडेलिनशी सगळ्या गावासमोर भांडण केलं होतं. टाकं उपसायला घ्यायचं म्हणत होता. म्हातारा अडून बसला होता. आणि आता इथे धुक्यात दोघंच.

"तू... तू कसा आलास?"

"टाक्याचं झाकण बघायला. उतरा. का वरच राहायचंय?"

"तूच शिडी काढलीस का रे?"

त्यानं हातातल्या शिडीकडे पाहिलं. मग त्याचा चेहराच बदलला. "म्हणजे ती पडली नव्हती?"

उतरण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. ती पाठमोरी उतरू लागली. दहाव्या पायरीवर तिच्या कंबरेला त्याचे पंजे बसले आणि ती किंचाळली. त्यानं तिला पोत्यासारखं उचलून जमिनीवर ठेवलं, आपला कोट तिच्या अंगावर टाकला आणि खिशातून बाटली काढून बोराची दारू तिच्या तोंडाला लावली.

"गुरुवारी कुठे होतास?" दात वाजत असतानाही तिनं विचारलं.

"कमाल आहे बाई तुमची! भावाकडे डुक्कर कापत होतो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत कोपरापर्यंत आतड्यांत हात. तुम्हीच नाही का ताटभर सॉसेज घेऊन गेलात?"

खरंच. दुपारी तीच तर तिथून ताट घेऊन नेलाकडे गेली होती. तीनदा दार वाजवलं होतं. तापात झोपली असेल म्हणून ताट खिडकीत ठेवून परतली होती.

"वेंडेलिनशी कशावरून बिनसलं होतं?"

"बिनसलं होतं, पण मिटलं. टाकं उपसायला त्यानं होकार दिला होता. बुधवारी वरची दगडमाती काढली आणि तो स्वतःच दोर लावून उतरला. वर आला तेव्हा चुन्यासारखा पांढरा. म्हणाला, ब्लाझेय, दोन दिवस काम थांबव. मला आधी एका माणसाला सांगायला हवं."

"कोणाला?"

"ते नाही सांगितलं. पण संध्याकाळी तो रस्त्यात दिसला." ब्लाझेयनं नाक पुसलं. "धुतलेला सदरा घातला होता, पोस्टमास्तरीणबाई. आणि दाढी केली होती. वेंडेलिननं!"

४

शिमोनला तिनं घरी पोचल्याबरोबर फोन केला. तो दुसऱ्या दिवशी एकला ग्रामकचेरीत येणार होता. "तोपर्यंत दाराला कडी लाव आणि कुठेही जाऊ नकोस," तो म्हणाला. ओतीलियानं कडी लावली, कडीला खुर्ची टेकवली आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी सकाळी मात्र घरात बसवेना. दाराबाहेर उजेड होता, माणसं होती. ती पावाच्या दुकानात गेली. तिथे मातुश भेटला, जंगलखात्याचा रखवालदार. नाक टोमॅटोसारखं लाल, त्यावर सालपटं.

"हे काय रे? ऐन थंडीत ऊन लागलं?"

"हसा, काकू, हसा! शुक्रवारी समोरच्या कड्यावर हरणांना गवत टाकायला गेलो होतो. गुरुवारी वरपर्यंत सगळं धुक्यात बुडालेलं. शुक्रवारी पहाटेच ते खाली बसलं. तुम्ही इकडे दिवे लावून बसला होतात आणि मी वर कोट काढून उन्हात बसलो होतो. बर्फावरून ऊन असं परतत होतं की डोळे दिपले. याव्होर तर दुधात बेट असावं तसा."

"नऊ वाजता?"

"आठपासून. टाचणी पडली असती तरी दिसली असती."

ओतीलियाच्या हातातला पाव दबला. शुक्रवारी किल्ल्यावर लख्ख ऊन होतं आणि वही म्हणत होती, दहा पावलांवरचं दिसत नाही. म्हणजे ती ओळ शुक्रवारी लिहिली नव्हतीच. गुरुवारी, धुक्यात, उद्याही असंच राहील असं धरून कुणीतरी ती लिहून ठेवली होती. वेंडेलिन गुरुवारीच मेला होता. शुक्रवारी बैठकीला कोण होतं याला मग काही अर्थ नव्हता.

गुरुवारी ब्लाझेय डुकराच्या आतड्यांत होता, अर्ध्या गावासमोर. तमारा राजधानीत होती, तिथून शुक्रवारी सकाळी थेट बैठकीला आली. नेला तापानं अंथरुणात. मग राहिलं कोण? चौथी किल्ली कुणाकडे असेल? कुणी किल्लीचा ठसा घेतला असेल?

हे एकटीनं उलगडण्यातलं नव्हतं. डोकं चालणारं माणूस हवं होतं आणि वेंडेलिनच्या हातची कागदपत्रं हवी होती. दोन्ही एकाच घरात होती. किल्ल्याविषयीच्या त्याच्या चिठ्ठ्या बखरीत उतरवून घेण्यासाठी नेला वर्षानुवर्षं जपून ठेवत असे.

अकरा वाजता ओतीलियानं नेलाचं दार वाजवलं.

५

नेलाच्या स्वयंपाकघरात चूल भरभरून पेटली होती. टेबलावर खसखस भरलेला गोड रोल, लिंडनच्या फुलांचा चहा. खिडकीबाहेर कोंबड्या बर्फ उकरत होत्या.

"ब्लाझेयनं सांगितलं मला," नेला म्हणाली. "शिडी! देवा, ओत्का, तू गोठून मेली असतीस."

"मेलेच होते. नेला, तुझ्याकडच्या वेंडेलिनच्या चिठ्ठ्या काढ. मी ती ओळ उतरवून आणलीय. शेजारी ठेवून बघू."

नेलानं खण उघडला आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. जराही कचरली नाही. ओतीलियानं पाकीट शेजारी ठेवलं. तोच 'द', तोच फराटा. ती शब्द न् शब्द बघत गेली, पोस्टात बघे तशी.

आणि तिचं बोट थांबलं.

वेंडेलिनला आयुष्यात ऱ्हस्व-दीर्घ जमलं नव्हतं. त्यांच्या लिपीत दीर्घ स्वराच्या डोक्यावर छोटी तिरपी रेघ देतात; ती तो कधीच देत नसे. लहानपणी मास्तरांनी त्यासाठी हातावर छड्या मारल्या, तरी नाही. "वाचायचं असेल तो वाचतोच," म्हणायचा. गठ्ठ्यातल्या एकाही चिठ्ठीत एकही रेघ नव्हती. पाकिटावर मात्र 'थंडी' या शब्दावर रेघ होती. 'दाट धुकं'वर होती. प्रत्येक रेघ जागच्या जागी, नीट, शाळेतल्या फळ्यावर असावी तशी.

पेन, कारण उबेत लिहिलं. धुकं, कारण आदल्या दिवशी लिहिलं. आणि या रेघा, कारण लिहिणाऱ्या हाताला चूक करताच आली नाही.

गुरुवारी दार तीनदा वाजवलं होतं. धुतलेला सदरा. चर्चच्या दाराशी 'मीही येते' म्हणणारा आवाज.

तिनं मान वर केली. नेला दाराशी उभी होती. किल्ली फिरवल्याचा आवाज झाला.

"वारा येतो आत," नेला म्हणाली. "पांढरी का पडलीस? चहा घे."

ओतीलियानं कपाकडे पाहिलं. त्याला हात लावायची तिची छाती होईना. चुलीशेजारी कोयता होता, लाकडं फोडायचा. नेला त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. ओरडून उपयोग नव्हता, शेजारचं घर उन्हाळ्यापुरतं उघडत होतं. ओतीलियाला एवढंच सुचलं की बोलत राहावं. जन्मभर मुलांची उत्तरं ऐकून घेतलेल्या या बाईला बोलणाऱ्याला मध्ये तोडायची सवय नव्हती.

"तू फक्त एक चूक केलीस, नेला," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "त्याच्या चुका दुरुस्त केल्यास."

तिनं एकेक करून सगळं सांगितलं. नेला ऐकत राहिली. मग पुढे वाकून तिनं पाकीट पाहिलं, चिठ्ठी पाहिली, पुन्हा पाकीट. तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

"दिसलंच नाही मला. शपथ सांगते. वर बुरुजात लिहायला गेले तर बोटं थरथरत होती. म्हणून वही खाली आणली, समोर त्याच्या चिठ्ठ्या मांडल्या, पाच वेळा सराव केला. आणि हे दिसलं नाही."

"टाक्यात काय सापडलं त्याला? एमिल?"

एमिल हा नेलाचा नवरा. तेहेतीस वर्षांपूर्वी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पळाला असं गाव म्हणे. त्यापायी तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीत नेलाची शाळेतली नोकरी गेली, सहा वर्षं गोठ्यात शेण काढलं, राज्य बदलल्यावरच फळ्यापाशी परतली. आणि चौतीस वर्षं पोस्टात बसलेल्या ओतीलियाला ठाऊक होतं, सीमा खुल्या झाल्यावरसुद्धा परदेशातून नेलाला एक ओळ आली नव्हती. तिला वाटे, माणूस निर्दय निघाला. विचारायची लाज वाटे.

"तो जाणारच होता," नेला सावकाश म्हणाली. "खरंच. किल्ल्यावर नेऊन सांगितलं मला, म्हणजे कुणी ऐकू नये. म्हणाला, तुझं काय ते तू बघ. हसला. टाक्याच्या काठावर उभा होता. मी हातानं ढकललं, ओत्का. एवढंच. त्या रात्री वरून दगडमाती लोटली आणि सकाळी जाऊन सांगितलं, नवरा पळाला. पळपुट्याची बायको म्हणून जी शिक्षा दिली ती सोसली. शिक्षा झालीच मला. फक्त गुन्हा दुसरा होता."

"आणि वेंडेलिन? त्यानं काय केलं होतं तुझं?"

नेलाचा चेहरा प्रथमच पिळवटला.

"घड्याळ घेऊन आला. एमिलचं. या खुर्चीत बसला, धुतलेला सदरा घालून, आणि रडला. म्हणाला, नेला, तो तुला सोडून गेला नव्हता गं. कुणीतरी मारलं त्याला. पोलिसांच्या आधी तुला सांगायला आलोय. आणि ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही, निदान तुझ्यासाठी." तिनं हात एप्रनमध्ये गुंडाळले. "माझ्यासाठी! दुसऱ्या दिवशी जागा दाखवायला वर घेऊन गेला. धुकं होतं. तटावर माझा हात धरून चालवत होता, मी पडू नये म्हणून."

चुलीत लाकूड फुटलं आणि ओतीलिया दचकून उभी राहिली.

"काल माझीही शिडी..."

"वही आणायला आले होते. तू आधी पोचलीस." नेलानं कोयत्याकडे पाहिलं, बराच वेळ. "तू हाक मारलीस ना, मी ओतीलिया आहे म्हणून. मी घरी आले आणि कान झाकून बसले. तरी ऐकू येत होती."

मग तिनं खुंटीवरचा कोट काढला.

६

"शिमोन एक वाजता येतो ना? चल. रस्ता निसरडा आहे, हात दे."

तिनं किल्ली फिरवून दार उघडलं. थंड हवा आत आली. ओतीलियाच्या मनात आलं, पळावं. पण या बाईला एकटीला सोडलं तर ती कचेरीपर्यंत पोचणार नाही हे कळत होतं. तिनं हात दिला. नेलानं दोन्ही हातांनी तिचं कोपर धरलं.

दोघी गावातून चालल्या, शाळेत जात तशा. पाववाल्या बाईनं दुकानातून हात केला. मातुश सायकलवरून 'कशा आहात बाई?' म्हणत गेला. "बरी आहे, बाळा," नेला म्हणाली.

नदीवरचा पादचारी पूल बर्फानं काचेसारखा झाला होता. कठडा गुडघ्याएवढा. खाली पाणी कड्यांना गोठलेलं, मधे काळं, वेगानं धावणारं. मधोमध आल्यावर नेला थांबली. ओतीलियाच्या कोपरावरची बोटं आवळली, इतकी की कोटातून नखं लागली. ती खाली बघत होती. ओतीलियाला खाली बघवेना. तिनं डोळे मिटून घेतले. आता नुसता एक हिसका, तिला वाटलं. तिला दोन वेळा जमलंय.

"नेला," ती पुटपुटली, "मला उंचीची भीती वाटते गं."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बोटं सैल झाली. "ठाऊक आहे मला," नेला म्हणाली. "डोळे मिटलेलेच ठेव. मी नेते."

आणि तिनं नेलं. पलीकडच्या काठापर्यंत, पाऊल पाऊल सांगत.

कचेरीत शिमोननं दोघींना पाहून खुर्च्या पुढे केल्या. "काय झालं, बाई?" तो उठून उभा राहिला. लेहोतात नेलासमोर बसून बोलायची कुणाला सवयच नव्हती. नेला बसली आणि सांगू लागली. पहिल्या चार वाक्यांनंतर शिमोननं मावशीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं की हे खरं आहे.

बुधवारी टाकं उपसलं. एमिल उरलेल्या दगडमातीखाली होता. शुक्रवारी वेंडेलिनला पुरलं. ब्लाझेयनं खड्डा स्वतः खणला, कुणाशी न बोलता. ओतीलिया दोन्ही ठिकाणी उभी होती आणि तिला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय.

शनिवारी सकाळी नेलाच्या घरावरून जाताना तिला कोंबड्या दिसल्या. सात होत्या. पाच दिवस कुणी दाणे टाकले नव्हते. कुंपणाशी येऊन त्या माणसाच्या आशेनं माना वर करत होत्या. दाणे स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या डब्यात असत. ओतीलिया पायरीपर्यंत गेली, दाराच्या मुठीला हात लावला, आणि तिथेच थिजली. आत जायची तिची हिंमत झाली नाही.

ती कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली. पहिली कोंबडी धरली, कोटाच्या आत छातीशी घेतली आणि आपल्या घराकडे निघाली. कोंबडी धडधडत होती आणि तिचा धडधडाट ओतीलियाच्या छातीत उतरत होता. घरी तिला सोडून ती परत आली. दुसरी घेतली. शेजारीपाजारी खिडक्यांशी उभे राहून बघत होते. कुणी काही विचारलं नाही. चौथ्या खेपेला तिला रडू फुटलं, भर रस्त्यात, मोठ्यानं, आणि ती न थांबता चालत राहिली. अजून तीन राहिल्या होत्या.